पदराची गाठ आणि पंधरा वर्षांचा मेंदू

जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर दहाएक किलोमीटरवर नशिराबाद लागतं. सिमेंटचा कारखाना, टोलनाका, वस्ती. इथल्या एखाद्या घरात गेलात तर स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत नीट बघा. खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असेल आणि त्याच खिळ्याला दोरीने बांधलेलं एक पेन. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ही दिनदर्शिका काढली ती तिथी, सण, मुहूर्त एका नजरेत दिसावेत म्हणून. तारखेभोवतीची कोरी जागा मात्र घराघरांनी आपल्या कामाला लावली. फुली म्हणजे दुधाचा खाडा. 'सि.' म्हणजे त्या दिवशी नवीन सिलिंडर लावलं. गोल म्हणजे नळाला पाणी आलं होतं. त्यावरून पुढचं पाणी कधी येईल याचा अंदाज बांधायचा. कोपऱ्यात बारीक अक्षरात भिशीचा आकडा, मुलीच्या क्लासची फी, आजीच्या गोळ्या संपायची तारीख.

मला हे पान फार थोर वाटतं. पाच-सहा माणसांच्या घराने आपली आठवण डोक्यातून काढून भिंतीवर ठेवलेली असते. तिथे ती सगळ्यांना दिसते आणि कुणाच्या तापाने, झोपेने किंवा रुसव्याने पुसली जात नाही. घर नीट चालणं म्हणजे काय, याचं निम्मं उत्तर त्या पानावर आहे.

उरलेलं निम्मं त्याच घरात सकाळी सव्वासहाला सापडतं. दहावीतला मुलगा जळगावच्या क्लासला निघालाय. आयपीएलच्या कुठल्या सामन्यात कुणी किती चेंडूंत किती धावा काढल्या हे त्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. पण डबा ओट्यावर राहिलाय, पाण्याची बाटली फ्रीजमध्ये आणि जर्नल अंथरुणात. आई दारातून ओरडते, "क्रिकेटचं बरं इसरत नाही तू!" आईला तो टोमणा वाटतो. खरं तर तो विज्ञानातला एक अस्सल प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता माणसाच्या मेंदूबद्दल काही विलक्षण गोष्टी हाती लागल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की झालेलं आठवणं वेगळं आणि करायचं आठवणं वेगळं. सामन्याचा विषय कुणीतरी काढतं, मग धावा आठवतात. विचारणारा समोर असतो. 'सहा वाजता मोटर बंद कर' हे मात्र सहा वाजता आपलं आपण आठवावं लागतं. त्या क्षणी विचारणारं कुणी नसतं आणि मुलगा दुसऱ्याच कशात तरी बुडालेला असतो. आइनस्टाइन आणि मॅक्डॅनियल या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास या पुढच्या आठवणीचा प्रयोगशाळेत पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यातून दोन प्रकार स्पष्ट झाले. काही कामं घड्याळाच्या काट्यावर टांगलेली असतात, काही एखाद्या घटनेवर. घड्याळावर टांगलेलं काम सुटायची शक्यता जास्त, कारण त्यासाठी मेंदूला मधूनमधून स्वतःहून वेळ तपासत राहावं लागतं. घटना मात्र स्वतःच येऊन दार वाजवते. 'सहा वाजता मोटर बंद कर' यापेक्षा 'मगरिबची अजान झाली की मोटर बंद कर' किंवा 'आरतीची घंटा ऐकलीस की मोटर बंद कर' हे किती तरी पक्कं.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. म्हाताऱ्या माणसांची स्मृती दुबळी होते, हे आपण जाणतो. प्रयोगशाळेत बसवून पुढच्या आठवणीची परीक्षा घेतली तर पुष्कळदा तरुण मंडळीच पुढे जातात. पण तीच परीक्षा रोजच्या जगण्यात घेतली, म्हणजे 'पुढचा आठवडाभर अमुक वेळी अमुक कर' असं सांगून माणसाला घरी पाठवलं, की निकाल उलटतो. म्हातारी माणसं वेळेवर करतात आणि विशीतली पोरं विसरतात. हे कोडं संशोधकांना इतकी वर्षं छळतंय की त्याला 'विरोधाभास' असं नावच पडलंय. पूर्ण उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पण एक कारण बहुतेकांना पटतं: म्हाताऱ्या माणसाचा दिवस बांधलेला असतो, आणि त्या दिवसाला जागोजागी खुंट्या असतात. रक्तदाबाची गोळी चहाच्या कपाशेजारी, चष्मा पोथीवर, किल्ली देवाच्या फोटोमागे. आजीची स्मृती तिच्या डोक्यात कमी आणि घरभर जास्त असते.

पदराची गाठ ही त्यातली सगळ्यात सुंदर युक्ती. काही लक्षात ठेवायचं असलं की आजी पदराच्या टोकाला गाठ मारते. गाठीत काहीच लिहिलेलं नसतं. ती फक्त दिवसभर हाताला लागत राहते. भाकरीचं पीठ पुसताना, घाम टिपताना, पदर खोचताना. हाताला लागली की मन विचारतं, ही कशाची? आणि काम आठवतं. घड्याळाचं काम घटनेच्या कामात बदलून टाकायची ही रीत आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी ती कुणी शिकवल्याशिवाय शोधून काढली आणि लेकीसुनांना दिली.

जागेचंही असंच आहे. जुन्या घरांत उतरंड असायची. मोठ्या मडक्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. एकाही मडक्यावर चिठ्ठी नसे. वरून तिसऱ्यात मूग, त्याखाली उडीद, सगळ्यात खाली बियाणं, हे काळोखातसुद्धा घरधनिणीच्या हाताला कळायचं. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ'कीफ यांनी १९७१ साली उंदरांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या की ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की जाग्या होतात. दुसऱ्या जागेला दुसऱ्या पेशी. हे काम हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात चालतं, आणि आपल्या आठवणी घडवणारा भागही तोच. मेंदूतल्या अशा जागा ओळखणाऱ्या पेशींच्या शोधांसाठी ओ'कीफ आणि मोझर दांपत्याला २०१४चं नोबेल मिळालं. जागा आणि आठवण यांचं घर मेंदूत एकच आहे, हे वाचलं तेव्हा मला उतरंड आठवली. 'दप्तर नेहमी दाराशेजारच्या खुंटीला' या नियमाने शिस्त लागते हे तर खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोट्यवधी वर्षांत घडलेलं एक यंत्र त्या नियमाने आपल्या मदतीला येतं.

डोक्यात केवढं मावतं ते बघायला लांब जायला नको. नशिराबादपासून जवळच आसोदा आहे, बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जातं, चूल, शेत या कामांच्या सोबतीने त्यांना ओव्या सुचत, आणि त्यातल्या काही मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या मंडळींनी वेळोवेळी टिपून ठेवल्या म्हणून वाचल्या. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या ओव्यांचं पुस्तक निघालं. त्या काळी खान्देशातल्या बाईच्या डोक्यात किती काय मावत असे, याचा अंदाज त्या एका पुस्तकावरून येतो. आणि त्यांच्या कितीतरी रचना कागदावर न आल्यामुळे गेल्या, हेही लक्षात ठेवावं. लिहून ठेवणारं माणूस घरात असणं किती मोलाचं!

आता आईकडे वळू. मुलगा चपला घालतोय आणि आई दारात उभी राहून सांगतेय: येताना दूध आनजो, आजीच्या गोळ्या आनजो, दळण टाकून जाजो, सायकलमध्ये हवा भरजो, मामाला फोन करजो, आन पाच वाजता घरीच थांबजो, गॅसवाला येणार आहे. सहा कामं. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली दाखवलं की माणूस एका वेळी सातेक गोष्टी मनात धरू शकतो. पुढे नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये सगळे प्रयोग पुन्हा तपासले आणि घोकंपट्टीची मदत काढून घेतली तर खरा आकडा चारच्या आसपास येतो असं सांगितलं. चार! एवढं प्रचंड मन, आणि समोरचं ताट एवढंसं. सहावं काम सांगून होईपर्यंत पहिलं घरंगळून गेलेलं असतं. यात मुलाचा आळस नाही आणि आईचा हट्टही नाही. ती सहा कामं दारात बोलण्याऐवजी भिंतीवर लिहिली असती तर दोघांची सकाळ वाचली असती.

आणि ती सहा कामं आईच्या डोक्यात कुठून आली, हेही विचारायला हवं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर लोक आपला वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि जे पुरुष ती करतात ते ९७ मिनिटं, असं दिसलं. जवळपास पाच तास आणि दीड तास. पण ही हातांच्या कामाची मोजणी झाली. गोळ्या किती उरल्या, फी कधी भरायची, पाहुणे आले तर पीठ पुरेल का, हे जे भाकरी थापता थापता डोक्यात चालू असतं त्याची नोंद कुठल्या मिनिटात करणार? घराची सगळी आठवण एकाच बाईच्या डोक्यात ठेवणं हा अन्याय आहेच. शिवाय ती धोक्याची व्यवस्था आहे. ती बाई चार दिवस तापाने निजली की अख्खं घर आंधळं होतं. माझं तर मत असं की घर आवरायला घ्यायचं तर कपाटापासून सुरुवातच करू नये. आधी आईच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवून घ्यावं, आणि ते काम पोरांनीच करावं. वही घेऊन आईसमोर बसायचं आणि विचारत जायचं: अजून काय काय लक्षात ठेवतेस? पानं भरतील. पंधरा वर्षांच्या मुलाला ती पानं जेवढं शिकवतील तेवढं कुठलंही भाषण शिकवणार नाही.

खान्देशातल्या घरांना हे नियोजन परकं नाही. उन्हाळ्यात नशिराबादच्या गच्च्यांवर नजर टाकावी. बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, वड्या. ज्वारीचा घाटा शिजवून ओल्या फडक्यावर हाताने गोल पसरलेले बिबडे उन्हात खाटांवर वाळत असतात. जळगावचं ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतं, आणि त्या उन्हाचं वर्षभराच्या तोंडीलावण्यात रूपांतर करायची ही कला आहे.

कुरडईच घ्या. शनिवारी कुरडया घालायच्या तर गहू बुधवारी सकाळी भिजत पडायला हवेत. रोज पाणी बदलायचं. शुक्रवारी संध्याकाळी ते वाटायचे, चोथा पिळून चीक काढायचा, आणि चीक रात्रभर निवळत ठेवायचा. शनिवारी पहाटे वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, आधणात मीठ घालून चीक शिजवायचा. तो गरम असतानाच सोऱ्यात भरून कुरडया पाडायच्या, म्हणजे उन्हाचा पहिला तासही वाया जात नाही. चीक शिजवायला एकीचे हात पुरत नाहीत; एक ओतते, दुसरी लाटण्याने जोर लावून ढवळते, गुठळी होऊ द्यायची नाही. म्हणून शेजारणींच्या पाळ्या आधीच ठरतात: शनिवार तुझा, रविवार माझा. पोरांकडे कावळे-चिमण्या राखायचं काम, आणि दुपारी कुरडया उलटायचं. चार दिवस, पाच-सहा माणसं, उन्हाशी बांधलेली वेळ. आणि सगळं नियोजन शेवटाकडून सुरुवातीकडे मोजत आलेलं.

उलटं मोजायचं तर कामाला किती वेळ लागेल ते आधी कळायला हवं, आणि तो अंदाज किती चुकतो ते १९९४ मध्ये कॅनडातल्या रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, सगळं बिघडलं, काहीच मनासारखं झालं नाही, तर? उत्तर: ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे मुलांनी कल्पनेतही जेवढं वाईट चित्र रंगवलं, त्याहून जास्त वेळ लागला. हा दोष फक्त मुलांचा नाही. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच तो मांडला होता, आणि धरणं बांधणारे, पूल बांधणारेही त्यातून सुटत नाहीत. आपण काम डोळ्यांसमोर आणतो ते सरळ, अडथळ्यांविना पार पडतंय असं. मागच्या वेळी किती दिवस लागले होते ते आठवत नाही. आजी मात्र फसत नाही, कारण गहू तिला फसू देत नाहीत. गव्हाला भिजायला तीन दिवस लागतात म्हणजे लागतातच.

दहावीच्या मुलाला 'अभ्यासाचं नियोजन कर' असं सांगून काही होत नाही. त्याला कुरडईचा हिशेब समजावून सांगावा. प्रकल्पवही सोमवारी द्यायची, तर रविवारी बाइंडिंग, तर शनिवारपर्यंत आकृत्या, तर गुरुवारपर्यंत मजकूर. मग मंगळवारी काय भिजत घालायचं? हा प्रश्न त्याला स्वतःला सुचला की निम्मं काम झालं.

पण ते त्याला सहजासहजी का सुचत नाही? इथे मेंदूच्या आत डोकवावं लागतं. मेंदूशास्त्रज्ञ जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याच त्याच मुलांच्या मेंदूची छायाचित्रं काही वर्षांच्या अंतराने एमआरआयने घेतली. १९९९ साली निष्कर्ष छापले तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. कपाळामागचा भाग, जो पुढचं पाहतो, क्रम लावतो, मनाला आवर घालतो, तो बालपणी तयार होऊन बसत नाही. त्यातला करड्या रंगाचा थर मुलींत साधारण अकराव्या आणि मुलांत बाराव्या वर्षापर्यंत वाढतो, आणि मग चक्क कमी होऊ लागतो. वापरात नसलेले जोड छाटले जातात, वापरातल्या तंतूंवर चरबीचं वेष्टन चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं. उंची बापाएवढी, आवाज बापासारखा, मिसरूड फुटलेली, आणि कपाळामागे अजून काम सुरू आहे! कुठले जोड टिकतील हे रोज काय केलं जातं त्यावर ठरतं, हे कळल्यावर तर अंगावर काटा येतो. रात्री दप्तर भरून ठेवायची सवय म्हणजे त्या बांधकामातला एक दगड.

नशिराबादच्या माणसाला सिमेंटची भाषा कळते, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी तो कडक दिसतो, त्यावर चालताही येतं. तरी खालचे ठेपे कुणी काढत नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने मोजतात. पुरेशी ताकद येईपर्यंत पाणी मारत राहायचं आणि भार ठेप्यांवर ठेवायचा. मुलांच्या बाबतीत दोन चुका होतात. एक तर 'आता घोडा झालास, तुझं तू बघ' म्हणून ठेपे आठवी-नववीतच काढून घेतले जातात आणि मग स्लॅब वाकला म्हणून स्लॅबलाच शिव्या. नाहीतर मुलगा वीस वर्षांचा झाला तरी ठेपे निघतच नाहीत. आई बॅग भरते, आई उठवते, आई फॉर्मची तारीख लक्षात ठेवते, आणि पोरगा पुण्याला वसतिगृहात गेला की पहिल्याच महिन्यात कोसळतो. घरातली व्यवस्था म्हणजे हे ठेपे. ते असावेत, आणि एकेक करून, ठरवून निघावेत.

झोपेचं गणित तर आणखी अद्भुत. झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन नावाचं रसायन संध्याकाळी शरीरात स्रवू लागतं. वयात येताना हे घड्याळ एक-दोन तासांनी पुढे सरकतं, हे मेरी कार्स्काडन यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून पक्कं झालं. जगभरच्या मुलांत ते दिसतं. ज्या गावांत मोबाइल नव्हता तिथेही. मोबाइलच्या उजेडाने ते आणखी लांबतं, एवढंच. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत डोळे मिटत नाहीत आणि क्लास सकाळी सातला. त्यात आपला खान्देश! झोप यायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता ओतत असताना ते उतरणार कसं? पूर्वी धाब्यावर पाणी शिंपडून खाटा टाकायचे ते उगीच नव्हे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. निर्णय चांगलाच आहे. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती आठवी ते बारावीची मुलं त्यातून राहिली, याचं मला वाईट वाटतं. कॅलिफोर्नियाने कायदा करून २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं, म्हणजे नववी ते बारावीचे वर्ग, साडेआठच्या आधी सुरू करायला बंदी घातली.

नशिराबादमधलं घर काही क्लासची वेळ बदलू शकत नाही. पण पहाटेच्या अर्धवट जागेपणात मेंदूला एकही निर्णय घ्यावा लागू नये, एवढं करता येतं. कपडे, दप्तर, बाटली, एस.टी.चा पास, सायकलची किल्ली, सगळं आदल्या रात्री दाराशेजारी. सकाळी फक्त उचलायचं.

हे रात्री करायचं लक्षात कसं राहणार? इथे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांची युक्ती कामी येते, आणि ती इतकी साधी आहे की विश्वास बसत नाही. 'मी रोज दप्तर भरेन' असा संकल्प सोडायचा नाही. म्हणायचं, 'जेवून ताट मोरीत ठेवलं की मी दप्तर भरेन.' एवढंच: अमुक झालं की तमुक. गॉलविट्झर आणि शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचे निकाल एकत्र केले तेव्हा या एका वाक्याचा परिणाम चांगलाच जाणवण्याजोगा निघाला. ही पदराची गाठच झाली. काम घटनेला बांधून टाकायचं.

एक मात्र सांभाळायला हवं. मायबाप आणि पोरं यांची भांडणं कशावरून होतात याचा मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. मोठ्या तत्त्वांवरून भांडणं क्वचित होतात असं त्यांना आढळलं. भांडण पसाऱ्यावरून होतं, कारण आईबापांना तो घराच्या रीतीचा प्रश्न वाटतो आणि मुलाला स्वतःच्या खाजगी जागेचा. आपल्याकडे मुलाला वेगळी खोली नसते. असतो तो कपाटातला एक कप्पा, एक खाट, भिंतीवरची एक फळी. म्हणून वाटणी करावी. कप्पा त्याचा, तो कसा लावायचा ते तो ठरवेल, कुणी उघडून बोलायचं नाही. दाराशेजारची खुंटी मात्र घराची. तिथे घराचा नियम. आणि एक काम पूर्णपणे त्याचं, आठवणीसकट. 'सांगितलं की करतो' हे काम झालं नाही. लक्षात ठेवायचा भार आईवरच राहिला. दुधाचा हिशेब त्याच्याकडे द्या: खाडे त्याने मांडायचे, महिनाअखेरीस बेरीज त्याने करायची, दूधवाल्याशी बोलणं त्याने करायचं. मुलीकडे पाण्याचा दिवस आणि टाकी द्या. मुलाचं काम बाहेरचं, मुलीचं घरातलं अशी वाटणी नको; दर सहा महिन्यांनी अदलाबदल करावी.

सुरुवात कधी करावी? खान्देशात याला उत्तर आहे: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. शेताच्या कामाची वाटणी इथे पिढ्यान्‌पिढ्या याच दिवशी होत आली. शाळेला बहुतेकदा सुट्टी असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं. त्या दिवशी सगळ्यांनी बसून घरातल्या कामांचंही साल ठरवावं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, ६६ निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. वैशाखातल्या तृतीयेपासून मी हे दिवस मोजले आणि थक्क झालो. अधिक महिना मध्ये आला नाही तर आखाजीपासून सदुसष्टाव्या दिवसाच्या आसपास आषाढी एकादशी येते. २०२५ साली आखाजी ३० एप्रिलला होती आणि आषाढी ६ जुलैला: बरोबर ६७ दिवस. तोवर शाळा सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात, म्हणजे नवी घडी सुट्टीतही आणि शाळेच्या धावपळीतही तपासून होते.

लॅलींच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती घरोघरी सांगायला हवी. मधला एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून कालनिर्णयावर एखाद्या दिवशी दुधाची नोंद राहून गेली तर आईने ती भरू नये आणि बोलूही नये. दुसऱ्या दिवशी पेन पुन्हा त्याच्याच हातात द्यावं. राहिलेला आकडा दूधवाल्याला विचारून तो स्वतः लिहील.